डबल बेल

रामकिसन काकांनी आधी बोर्ड रंगवून घेतला आणि मग घरच्यांना विचारायला बोलावलं. विचारायला म्हणजे काय, दाखवायलाच! हर्सूलच्या जेलच्या पुढं, सिल्लोडच्या रस्त्याला लागून त्यांचा प्लॉट होता. निवृत्तीच्या पैशातून घेतलेला, आणि घेतल्यापासून बाभळींच्या आणि लोकांच्या शेळ्यांच्याच कामी आलेला. त्या रविवारी सकाळी मात्र तिथं मांडव होता, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पांढरी चादर घातलेल्या टेबलावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि दोन बांबूंच्या मधे निळ्या कापडानं झाकलेला बोर्ड होता. वारा कापडाची कड सारखी उचलत होता, त्यामुळं झाकलेलं सगळ्यांचं वाचून झालं होतं. 'हॉटेल सांडूबाबा. फॅमिली रेस्टॉरंट.' आणि खाली जरा बारीक अक्षरात, 'व्यवस्थापक : दीपमाला'.

दीपमालानं गाडी प्लॉटच्या तोंडाशी उभी केली, काचेतून ते वाचलं, आणि तिचा हात हँडब्रेकवरच राहिला.

"आई, तू काकांना सांगितलं नाहीस?"

शेजारी बसलेल्या भामाबाईंनी पदर सारखा केला. "सांगितलं की. तुझ्या काकूला फोन केला, म्हटलं, दीपानं हॉटेल सोडलं. तेवढं भाऊजींनी ऐकलं अन् फोनच घेतला तिच्या हातातून. म्हणे, वहिनी, मला ठाऊक होतं, पोरगी एक ना एक दिवस आपल्या हॉटेलासाठी त्यांचं हॉटेल सोडणार."

"मग पुढचं?"

"पुढचं कधी सांगू? ते हसत होते गं. लई वर्षांनी त्यांचा असा आवाज ऐकला. म्हटलं, उद्या सांगू. उद्या उद्या करता बोर्डच आला."

"आई!"

"आजचा दिवस गप राह्य. खीर खाऊन झाली की मी बोलते."

आईच्या 'मी बोलते'चा दीपमालाला चांगला अनुभव होता. आई बोलायची, पण निघताना, चप्पल घालता घालता, समोरच्याला अर्धं ऐकू जाईल अशा बेतानं. ती खाली उतरली.

जालना रोडवरच्या त्या मोठ्या रेस्टॉरंटात ती गल्ल्यावर लागली होती आणि मॅनेजर होऊन बाहेर पडली होती. लोकांना वाटायचं, काय थाट आहे! एसीत उभं राहायचं आणि हुकूम सोडायचे. थाट कसला? ऑर्डरचं मशीन टर्रर्र करून कागद फेकायचं, तो आवाज तिला झोपेत ऐकू यायचा. गिऱ्हाईक चिडलं की तिनं हसायचं. मालक चिडला की तिनं हसायचं. ऐन सणाला आचारी रुसून घरी बसला की हसत हसत त्याच्या दारात जायचं आणि त्याच्या बायकोचीही मनधरणी करायची. सगळ्यांना तिचं एकच उत्तर असायचं, "दोन मिनिटं." हळूहळू ते उत्तर घरातही शिरलं. मागच्या हिवाळ्यात भामाबाई न्हाणीत घसरल्या, त्यांनी पडल्या जागेवरून फोन केला, आणि ही म्हणाली, "दोन मिनिटं, आई." मग कुणाच्या तरी साखरपुड्याच्या पार्टीत पनीर कमी पडलं म्हणून ती किचनमध्ये ओरडत राहिली, आणि आईला दवाखान्यात शेजाऱ्यांनी नेलं. नशीब, हाड शाबूत होतं. पण दीपमालाचं मन त्या नोकरीवरून उडालं ते उडालंच.

आता ती पारूबाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होती. पारूबाई फक्त बायकांना शिकवायच्या आणि शिकवायलाही बाईच हवी म्हणायच्या. दीपमालानं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, परीक्षा दिली होती. आज आणलेली पांढरी गाडी स्कूलचीच होती, पुढंमागं लाल एल लावलेली, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असलेली. ती गाडी मुद्दाम आणली होती. काकांना समोरासमोर दाखवायची, असं तिनं ठरवलं होतं. बोर्ड दिसेपर्यंत तरी ठरवलं होतं.

"जय भीम, मॅनेजरसाहेब!" काका मांडवातूनच ओरडले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि दाढी इतकी गुळगुळीत की जणू ड्यूटीवरच निघालेत. "गाडी कोणाची आणली? अन् हा लाल एल कामून लावलाय? तुला गाडी मी शिकवलीय, लोक काय म्हणतील मला?"

"ओळखीतल्यांची आहे, काका," दीपमाला म्हणाली. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

रत्नमाला काकू खिरीच्या पातेल्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी गाडीकडं पाहिलं, एलकडं पाहिलं, मग दीपमालाच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुन्हा पळीनं खीर ढवळायला लागल्या. काकूंना पुढचं उमगलं असावं. भामाबाईंचं बोलणं अर्धंच राहिलंय हे त्यांना ठाऊक होतं, फोन आधी त्यांच्याच कानाला होता ना!

सगळ्यांनी मिळून त्रिशरण पंचशील म्हटलं. काकांचा मुलगा अभय वाळूजच्या कंपनीतून रात्रपाळी करून तसाच आला होता, त्याचे डोळे मिटत होते. त्याची बायको रूपाली त्याला कोपरानं ढोसत होती. वंदना झाली आणि काका बोलायला उभे राहिले.

"आपल्यात काही मुहूर्त बघत नसतात. अभयला सुट्टी, हाच मुहूर्त," ते म्हणाले. सगळे हसले. "मी जास्ती बोलत नाय. माझा बाप सांडू. गावाकडं स्टँडवर एक हॉटेल होतं. तिथं माझ्या बापाला बाहेर उभं करून चहा मिळायचा. आपला कप वेगळा, कान तुटलेला. प्यायचा अन् स्वतः विसळून वळचणीला ठेवायचा. मी लहान होतो, हाताला धरून उभा असायचो. पुढं मी यष्टीवर लागलो. कन्नडचा घाट, अजिंठा, सिल्लोड, सारा मुलुख फिरलो. जिथं गाडी थांबंल तिथं हॉटेलवाला ड्रायव्हरला आत जेवायला बसवायचा. पण पडद्यामागं. अन् मालक पंख्याखाली, गल्ल्यावर. तवाच मी ठरवलं, आपल्या घरातलं एक माणूस त्या खुर्चीत बसंल, अन् वर माझ्या बापाचं नाव असंल."

त्यांनी निळ्या कापडाकडं हात नेला आणि दुसऱ्या हाताची बोटं टेबलावर टेकवली.

हे टेबलावर बोटं टेकवणं त्या घरात सगळ्यांना कळायचं. जन्मभर काकांनी कंडक्टरच्या बेलवर गाडी चालवली होती. दोनदा वाजली की निघायचं, एकदा वाजली की थांबायचं. ती सवय त्यांनी घरात आणली. ताटावर दोनदा टकटक झाली की जेवायला सुरुवात. अभयसाठी रूपालीला पाहून आले, तर खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक, लग्न पक्कं. आणि एकदाच टक् झालं की विषय संपला. दीपमाला सासर सोडून, एक बॅग घेऊन परत आली होती, तेव्हा सारे नातेवाईक 'समजूत घालून परत पाठवा' म्हणत दारात उभे होते. काकांनी चौकटीवर एकदाच टक् केलं होतं. त्यानंतर आजवर तिला कुणी परत जा म्हटलेलं नव्हतं.

अशा माणसाला नाही म्हणायचं. काकांची बोटं टेबलावरून उचलली गेली, आणि दीपमालाला कळलं की आता टकटक झाली तर आपल्याला पुन्हा जन्मभर 'दोन मिनिटं' म्हणत उभं राहावं लागणार.

"काका, थांबा," ती म्हणाली. "वाजवू नका."

काकांची बोटं हवेतच राहिली.

"मी हॉटेल सोडलं, ते हॉटेल चालवायला नाही सोडलं. मला आता हॉटेलचं कामच करायचं नाही. ही गाडी ड्रायव्हिंग स्कूलची आहे. मी तिथं बायकांना गाडी शिकवते. नोकरी लागलीय मला."

भामाबाई घाईघाईनं म्हणाल्या, "भाऊजी, मी सांगणारच होते."

काका आधी हसले. चेष्टा चाललीय असं वाटलं असावं. मग त्यांनी गाडीवरचा लाल एल पुन्हा एकदा नीट पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. "ड्रायव्हरकी?" ते म्हणाले. "पंख्याखालची खुर्ची सोडून ड्रायव्हरकी करणार तू?"

"ड्रायव्हरकी नाही, शिकवणं."

"एकच ते! स्टिअरिंग धरून माझी कंबर गेली, गुडघे गेले. दिवाळी डेपोत, दसरा डेपोत. हे पोरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून मी मेलो, अन् तू पायानं चालत तिकडंच निघाली?"

"ताई, निदान आधी सांगायचं तरी!" आता अभयही जागा झाला. "बाबांनी सगळ्या पाहुण्यांत सांगून ठेवलंय. आमची काय इज्जत राहील?"

"तुमच्या इज्जतीसाठी ताईंनी आजारी पडायचं का?" रूपाली नवऱ्यावर फिरली. "सणासुदीला कधी ताई दिसल्या का तुम्हाला? आपल्या लग्नात सुद्धा त्या हॉटेलातून फोनवर होत्या. अक्षता पडल्या तेव्हा त्या कुणाला तरी तंदूर लावा म्हणून सांगत होत्या."

ते खरंच होतं, आणि लग्नाच्या व्हिडिओत दिसतही होतं.

"काका, बसा आधी," दीपमाला म्हणाली. तिनं खुर्ची ओढून दिली, पण ते बसले नाहीत. "मला हॉटेलच्या फोडणीचा वास आला तरी मी रस्ता बदलते. मी माणसांशी गोड बोलते ते खोटं असतं, अन् ते मला कळत असतं. घरी येऊन आईवर ओरडते. मला रडू येतं, तर मी कोल्डस्टोअरमध्ये जाऊन रडायचे, कारण तिथं कुणी येत नाही. तुमच्या हॉटेलात तरी वेगळं काय होईल? तिथं तर मालकाला शिव्याही देता येणार नाहीत, कारण मालक तुम्ही."

रूपालीला हसू आलं, तिनं ते दाबलं. काकांना हसू आलं नाही.

"अन् माझ्या बापाचं नाव?" ते म्हणाले. "त्याच्या कपाचं काय?"

रस्त्यावरून सिल्लोडकडची एक जीप माणसं लटकवून गेली, आणि तिची धूळ खिरीच्या पातेल्याकडं आली तशी काकूंनी झाकण ठेवलं.

बोलल्या त्या भामाबाई. आणि या वेळी चप्पल घालता घालता नाही, खुर्चीत ताठ बसून.

"भाऊजी, पुढं मामंजी चहा पीत होते का?"

"नाय. पुढं कधीच नाय."

"कामून नाय?"

काका घुटमळले. "आवडेनासा झाला असंल."

"आवडेनासा झाला असंल! मी नवी नवरी आले, सकाळी चहा नेला, तर मामंजींनी हातानं मागं सारला. मला वाटलं, सासरा कंजूष, साखर वाचवतो. मग एकदा मी विचारलं. म्हणाले, पोरी, एक दिवस त्या तुटक्या कपाकडं पाहिलं अन् तो तिथंच ठेवला. विसळला बी नाय. त्या दिवसापासून चहाच सोडला. त्यांना हॉटेल नव्हतं पायजे, भाऊजी. मान खाली घालावी लागती ते सोडून द्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. दीपानं तेच केलं. नातच आहे त्यांची."

काका वहिनीकडं बघतच राहिले. इतक्या वर्षांत वहिनी त्यांच्यासमोर एवढं सलग बोलल्याचं त्यांना आठवत नसावं. मग ते अभयकडं वळले. "तू? तू सांभाळशील ना? तू तर कंपनी सोडणार होता."

अभयनं मान खाजवली. बायकोकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, पण कुठूनच मदत आली नाही. "बाबा, खरं सांगू का? मी सोडणार नव्हतो. ताई आहे म्हटल्यावर ती बघेल, मी आपलं रविवारी येऊन बसेन, असं होतं माझं. मला कांदा चिरायचं बी समजत नाय."

"मग मगाशी इज्जत इज्जत काय करू राहिला होता?" रूपाली म्हणाली.

"तुम्ही सगळे एक झाले," काका म्हणाले. आवाजात राग कमी आणि दुखणं जास्त होतं. "मी एकटाच येडा." ते मांडवाबाहेर गेले आणि बाभळीपाशी, सगळ्यांकडं पाठ करून उभे राहिले.

दीपमाला त्यांच्या मागं गेली. शेजारी उभी राहिली. समोर पलीकडं हर्सूल तलावाच्या दिशेची झाडं दिसत होती.

"काका, मी परत आले होते तेव्हाचं आठवतं का?"

"काय आठवायचंय त्यातलं?"

"मी कुणाशीच बोलत नव्हते. सगळे येऊन विचारायचे, काय झालं, कसं झालं. तुम्ही काहीच विचारलं नाही. कुणाची तरी जीप मागून आणली, मला तलावाकडं मोकळ्या जागेवर नेलं अन् म्हटलं, बस. मला वाटलं, काकांचं डोकं फिरलं. तुम्ही म्हणालात, क्लच हळू सोड, ती काही पळून जात नाय. गाडी बंद पडायची. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणायचात, परत. पुन्हा बंद पडायची. परत. त्या जीपमध्ये मला पहिल्यांदा वाटलं, की माझ्या हातून काहीतरी चालू शकतं."

काका त्या झाडांकडं बघत राहिले.

"आता माझ्याकडं तशाच बाया येतात. कुणी घाबरलेली, कुणी घरी शिव्या खाऊन आलेली. मी त्यांना काहीच विचारत नाही. म्हणते, क्लच हळू सोडा. तुमचंच वाक्य आहे, काका. तुम्हाला ज्याची लाज वाटते ना, त्याच्यावर मी उभी राहिले. नाराज व्हा. पण ड्रायव्हरकी म्हणून असं थुंकल्यासारखं बोलू नका. मला लई लागलं ते."

काकांनी खिशातला रुमाल काढला, तोंड पुसलं, घडी केली आणि परत ठेवला. तरी ते वळले नाहीत. होकारही नाही, नकारही नाही. दीपमालाला वाटलं, झालं, आता हा माणूस आपल्याला माफ करेल, जेवायला बोलावील, सगळं करील, पण मनातून कायमचा दूर जाईल. नोकरी सोडताना ती एवढी भ्याली नव्हती.

तेवढ्यात मागं गाडीचं दार वाजलं.

रत्नमाला काकूंनी पळी रूपालीच्या हातात दिली होती, पदर कमरेला खोचला होता, आणि त्या सरळ जाऊन पांढऱ्या गाडीत बसल्या होत्या. ड्रायव्हरच्या जागेवर.

"दीपा!" त्यांनी हाक मारली. "ये इकडं. चावी कुठं असती हिची?"

"काकू, काय करू राहिल्या तुम्ही?"

"शिकू राहिले. साऱ्या जिल्ह्याला यांनी गाडीत बसवलं, तुला बी शिकवलं. मला एवढ्या वर्षांत कधी म्हटलं नाय, की रत्नमाला, धरून बघ. मी बी विचारलं नाय. आज शिकवणारी घरचीच हाये, जागा मोकळी हाये. हॉटेल तर काही इथं आज होत नाय."

भामाबाईंनी तोंडाला पदर लावला. अभय म्हणाला, "आई, अगं पडशील!" आणि गाडीतून माणूस कसं पडेल, हे त्याला रूपालीनं विचारलं.

दीपमाला शेजारच्या जागेवर बसली. तिच्या पायाशी तिचा ब्रेक, तिचा क्लच. काकूंचे हात स्टिअरिंगवर होते, बांगड्या किणकिणत होत्या. काही न विचारता तिनं चावी कशी फिरवायची ते सांगितलं. गाडी सुरू झाली. "हा क्लच. पूर्ण दाबा. हा पहिला गिअर. आता हळू सोडा, काकू."

काकूंनी सोडला नाही. त्या आरशात बघत होत्या.

"काय झालं?"

"थांब," काकू म्हणाल्या. "अजून बेल झाली नाय."

दीपमालानं मागं वळून पाहिलं. काका बाभळीपासून निघाले होते. सावकाश, गुडघे सांभाळत. मांडवाजवळ आले. गाडीच्या वाटेत खुर्च्या होत्या, त्या त्यांनी एकेक उचलून बाजूला ठेवल्या, कुणाला हात लावू दिला नाही. एक दगड होता, तो पायानं सारला. बोर्डाच्या बांबूपाशी येऊन थांबले, मान वर करून बापाचं नाव पाहिलं. मग येऊन मागचं दार उघडलं, आत बसले आणि दार ओढून घेतलं.

इंजिन चालू होतं.

"आरसा बघितला का?" काकांनी विचारलं.

"बघितला," काकू म्हणाल्या. "तुम्हीच दिसू राहिले त्यात."

"मागून कोणी येत नाय ना, ते बघायचं असतं."

"काका," दीपमाला म्हणाली, "या गाडीत शिकवणारं माणूस एकच असतं."

मग काकांनी हात वर केला, आणि गाडीच्या छताला आतून बोटांनी ठोकलं.

टक्.

काकूंचा पाय क्लचवर घट्ट झाला. दीपमालानं डोळे मिटले. एकदा म्हणजे थांबायचं. एकदा म्हणजे विषय संपला, हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

टक्.

"चला," मागून काका म्हणाले. "क्लच हळू सोड, रत्नमाला. ती काही पळून जात नाय."

गाडीनं एक जोरात हिसका खाल्ला आणि बंद पडली.

"परत," दीपमाला आणि काका एकदमच म्हणाले.